जामठा स्टेडियम, प्रेक्षकाच्या खुर्चीतून

नागपूरबाहेरच्या जामठ्याला क्रिकेटची मॅच बघायची तर पहिला हिशेब अंतराचा. शहराच्या मध्यातल्या सीताबर्डीहून वर्धा रोडनं सोळा-सतरा किलोमीटर. मेट्रोची ऑरेंज लाइन खापरीपर्यंत सोडते, पुढे बस, शेअर ऑटो किंवा ओळखीच्याची गाडी. जाताना निभतं, कारण लोक तीन-चार तासांत थोडे थोडे येतात. खरी परीक्षा परतीची. सुमारे 45,000 क्षमतेचं मैदान शेवटच्या चेंडूनंतर एकदमच रिकामं व्हायला लागतं आणि सगळ्यांना नागपूरच्याच दिशेनं जायचं असतं. गाडी नेली तर शहराकडे तोंड करून, गेटपासून लांब लावा. पाऊण किलोमीटर चालणं परवडतं, पार्किंगमध्ये तासभर हॉर्न ऐकणं नाही. डे-नाइट सामना असेल तर त्या रात्रीची शेवटची मेट्रो कधीची, हे घरूनच बघून निघा.

तिकीट घेताना लोक भाव बघतात, दिशा बघत नाहीत. मावळतीचा सूर्य बॅट्समनच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून पिच उत्तर-दक्षिण असतं. त्यामुळे पश्चिमेच्या स्टँडमध्ये दुपारनंतर सूर्य पाठीमागे जातो, तर पूर्वेकडे बसलेल्यांच्या थेट तोंडावर येतो. नागपुरात फेब्रुवारी सरता सरता ऊन बोचायला लागतं, तेव्हा दीड वाजता सुरू होणाऱ्या वनडेला पूर्वेच्या स्वस्त तिकिटात वाचलेले पैसे पाण्यात आणि टोपीत जातात. स्विंग, टर्न, बाउन्स समजून घ्यायचा असेल तर उत्तर किंवा दक्षिण टोक, बॉलरच्या मागे. नुसत्या चौके-छक्क्यांसाठी आडवी जागा चालते, पण तिथून एलबीडब्ल्यूचं अपील झालं की शेजारच्याच्या अंदाजावर विश्वास ठेवावा लागतो. बाटली, पॉवर बँक, नाणी, मोठी बॅग सहसा आत नेऊ देत नाहीत. गेटवर टाकून देण्यापेक्षा घरीच ठेवा.

मैदान शहराबाहेर 2008 साली गेलं, आणि प्रेक्षकही बदलला. सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर सायकल टेकवून अर्धा दिवस बघून घरी जाता यायचं. 31 ऑक्टोबर 1987 ला न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्माची हॅटट्रिक, विश्वचषकातली पहिली, आणि गावसकरांचं एकदिवसीय सामन्यांतलं एकमेव शतक त्या मैदानानं एकाच दिवशी पाहिलं. तिथलं दुसरं चित्रही विसरू नये: नोव्हेंबर 1995 मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्याच सामन्यात स्टँडची भिंत कोसळून प्रेक्षकांचे जीव गेले होते. त्यामुळे रुंद जिने, मोकळं आवार हा जामठ्याचा मोठा गुण, त्यात वाद नाही. मात्र पूर्ण दिवस, वाहन आणि तिकिटाचे पैसे हे तिन्ही ज्याच्याकडे आहे तोच आता तिथं पोचतो. शाळा सुटल्यावर शेवटचा तास बघायला येणारं पोर या हिशेबात बसतच नाही.

आता आवाजाबद्दल. तिकिटाच्या पैशात सगळ्यात मोठी वस्तू हीच मिळते, खेळ टीव्हीवर जास्त नीट दिसतो. गर्दीचा आवाज नुसता उत्साह नसतो, तो निकालात ढवळाढवळ करतो. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश प्रयोगात 40 फुटबॉल पंचांना तेच 47 टॅकल दाखवले, काहींना आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे 15 टक्के कमी फाउल दिले. डीआरएस, म्हणजे पंचाचा निर्णय टीव्हीवर पुन्हा तपासून घ्यायची सोय, आल्यापासून क्रिकेटच्या पंचावरचं हे दडपण बरंच सैल झालंय. तरी कॅप्टननं हा फेरतपास, म्हणजे रिव्ह्यू, घ्यायचा की नाही ते पंधरा सेकंदांत ठरवायचं असतं, आणि त्या पंधरा सेकंदांत अख्खं स्टँड बोटांनी रिव्ह्यूच्या खुणेचा इंग्रजी ‘टी’ काढत असतं. वाया गेलेल्या रिव्ह्यूंत थोडा वाटा आपलाही धरावा.

नागपूरचा प्रेक्षक मात्र गप्पही झटक्यात होतो. 12 मार्च 2011, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध विश्वचषक सामना: सचिनचं शतक, भारत 1 बाद 267, आणि तिथून 296 वर सर्वबाद. 29 धावांत नऊ विकेट. अशी शांतता हे मैदान पुन्हा 15 मार्च 2016 ला अनुभवून बसलं, टी-ट्वेंटी विश्वचषकात न्यूझीलंडच्या 126 धावांसमोर भारत 79 वर आटोपला. गंमत म्हणजे चारच महिन्यांपूर्वी याच मैदानात कसोटीत दक्षिण आफ्रिकाही 79 वरच आटोपली होती, आणि आयसीसीनं त्या पिचला ‘खराब’ शेरा दिला होता. एकच आकडा, एकच मैदान. पण पहिला 79 ‘आपल्या स्पिनर्सची कमाल’ आणि दुसरा ‘ह्या पिचचंच काहीतरी’! जिंकलो की ‘आपण’, हरलो की ‘हे लोक’. सिअल्डिनी या मानसशास्त्रज्ञानं 1976 मध्ये अमेरिकी कॉलेजांत हेच मोजलं होतं. संघ जिंकला की सोमवारी कॉलेजचं नाव असलेले कपडे जास्त दिसायचे. आपल्याकडे निळ्या जर्सीवर तोच प्रयोग फुकटात करता येतो. हरलेल्या रात्री खापरीच्या प्लॅटफॉर्मवर किती जर्सींवर जॅकेट चढलंय, एवढं मोजायचं.

भारताच्या मॅचला या सगळ्या अनुभवाचे पाचपैकी अडीच. रणजीला, म्हणजे देशातल्या राज्य संघांच्या स्पर्धेला, चार.

हो, रणजीला. महाराष्ट्र एक राज्य, पण रणजीत संघ तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. वेगळ्या विदर्भाची मागणी किती निवडणुकांत आली-गेली, क्रिकेटमध्ये मात्र विदर्भ 1957-58 पासून वेगळाच आहे. साठ वर्षं त्याला कुणी विचारत नव्हतं. मग 2017-18 ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून पहिलं जेतेपद, पुढच्याच वर्षी जामठ्यावर सौराष्ट्रला 78 धावांनी हरवून दुसरं, आणि 2024-25 ला पुन्हा जामठ्यावर केरळविरुद्ध तिसरं. तो शेवटचा अंतिम सामना अनिर्णित राहिला, पण अशा वेळी पहिल्या डावात पुढे असलेल्याला करंडक मिळतो, म्हणून 37 धावांच्या आघाडीवर विदर्भ विजेता ठरला. 2019 च्या फायनलमध्ये विदर्भासाठी 11 विकेट घेणारा आदित्य सरवटे या वेळी केरळकडून खेळत होता. मग टाळ्या कुणासाठी वाजवायच्या? निष्ठा गावाशी की माणसाशी, हा प्रश्न पाच दिवसांच्या सामन्यात सावकाश चघळायला मिळतो.

रणजीला सहसा तिकीट लागत नाही, बसायला हवी ती जागा, आणि स्लिपमधल्या, म्हणजे विकेटकीपरशेजारच्या, फिल्डरांची बडबडही ऐकू येते. उणीव एकच, पण मोठी: आत खायची सोय गृहीत धरू नका. निघताना तर्री-पोहे खाऊन घ्या, दुपारचा डबा सोबत ठेवा, गेटवर चालतो का ते आधी विचारा. नवख्या माणसानं पहिल्या दिवशी जाऊ नये. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर जा: पिच झिजायला लागलेलं असतं, स्पिनर लांबलचक स्पेल टाकत असतो आणि पहिल्या डावाच्या आघाडीचा हिशेब बहुतेक त्याच सुमारास लागतो.