टीएलडी आणि माझी त्वचा: आठ महिन्यांनंतर

टीएलडी ही एचआयव्हीवरची गोळी सुरू करून मला आठ महिने झाले. रात्री जेवणानंतर एकच गोळी, तिच्यात तिन्ही औषधं: टेनोफोविर 300, लॅमिव्हुडिन 300 आणि डोल्युटेग्राविर 50 मिलिग्रॅम. सरकारी एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रावर, फुकट मिळते. 'या गोळीनं अंगावर उठतं' असं नव्यानं सुरू करणाऱ्याला कुणी ना कुणी सांगतंच, म्हणून त्वचेपुरतंच लिहिते.

अंगावर उठलं, हे खरं. दुसऱ्या आठवड्यात पोटावर आणि पाठीवर बारीक लाल पुरळ आलं आणि बघता बघता दंडांपर्यंत गेलं. दिसायला घामोळ्यासारखं, पण गार पाण्यानं निवेना. घरात सगळ्यांचं एकच, "बंद कर ती गोळी!" मी सगळ्या डब्या पिशवीत टाकल्या आणि सेंटर गाठलं. डॉक्टर मॅडमनी आधी तोंड उघडायला लावलं, खालची पापणी ओढून पाहिली, पाठीवर कुठे फोड आहे का, कातडी सुटतेय का हे बोटानं चाचपलं, ताप बघितला. मग एकेक डबी हातात घेतली. त्यात कोट्रायमॉक्सॅझोल होती. सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचं मोजमाप, 350 च्या खाली असलं की न्यूमोनियासारखे संसर्ग टाळायला ही सल्फाची गोळी देतात. संशय तिच्यावरच गेला. ती थांबवली, खाजेसाठी सेटिरिझिन दिलं, टीएलडी तशीच चालू ठेवली. पुरळ हळूहळू ओसरलं, परत आलं नाही. मनानंच सगळं बंद केलं असतं तर जी गोळी विषाणू दाबते तीच सुटली असती, आणि मध्येच औषध सोडलं की विषाणू ते जुमानेनासा होण्याची भीती असते.

मात्र पुरळासोबत ताप, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा, अंगावर फोड, चेहऱ्याला सूज किंवा डोळे पिवळे, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, रात्र असेल तर इमर्जन्सीत.

ह्यांचं औषध माझ्या बरंच आधीपासूनचं. तेव्हा नेविरापिन असायची. तिच्या पुरळाची धास्ती इतकी, की पहिले 14 दिवस दिवसाला एकच गोळी आणि मगच दोन. जोडीच्या झिडोव्हुडिननं ह्यांच्या नखांवर निळसर काळे उभे पट्टे आले होते. त्या पट्ट्यांमुळे ह्यांनी चारचौघांत हात पुढे करणं सोडलं होतं. मला अजून त्याचं वाईट वाटतं, कारण दुखत काही नव्हतं, लोकांच्या नजरेचाच त्रास होता. टीएलडीवर आल्यावर नखं खालून स्वच्छ वाढत गेली.

आता जे कुणी सांगत नाही ते. औषध सुरू होण्याआधी वर्षभर माझ्या पोटऱ्या आणि हात डास चावल्यासारख्या गाठींनी भरलेले असायचे. खाजवून रक्त यायचं. मलमं झाली, खोबरेल तेल झालं, घरात ढेकूण शोधून झाले. ती खाज एचआयव्हीचीच होती, प्रतिकारशक्ती घसरली की येते. टीएलडीनंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवीन गाठी येणं थांबलं. काळे डाग आहेत अजून, पण फिकट होत चाललेत, आणि मी रात्रभर झोपते.

सल्फाऐवजी मला सध्या डॅप्सोन आहे. तिनं रक्त कमी होऊ शकतं म्हणून हिमोग्लोबिन बघत राहतात. सीडी फोर पुरेसं वर जाऊन टिकलं की तीही बंद होईल, असं मॅडम म्हणाल्या.