फोटोत लावलेली ती केबल

घरी सराव आणि रेकॉर्डिंग करायला जुना गिटार मॉडेलर घ्यायच्या बेतात असाल तर हे वाचून मगच पैसे पाठवा. माझे ३२ हजार रुपये गेले. हळहळ म्हणून लिहीत नाही. ज्या पद्धतीनं गेले ती पद्धत सगळ्यांना कळायला हवी, कारण तो माणूस अजून थांबलेला नाही.

मी जळगावला असतो. दिवसा एमआयडीसीत एका दालमिलमध्ये हिशेब लिहितो, संध्याकाळी पाच-सहा पोरांना गिटार शिकवतो. धुळ्याचा एक मित्र घरच्या घरी अहिराणी गाणी करतो, त्याला गिटारचे ट्रॅक मी वाजवून पाठवायचे असं ठरलं होतं. वेळ मिळतो तो रात्री साडेदहानंतर, आणि घर दोन खोल्यांचं. भिंतीपलीकडे पोरगी झोपलेली असते. अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र) चढा वाजवल्याशिवाय त्याच्या आवाजाला दाटपणा येत नाही, आणि चढा वाजवायची सोय नाही. म्हणून मॉडेलर. अ‍ॅम्प, त्याचा स्पीकर आणि स्पीकरसमोर धरलेला माइक, हे तिन्ही आकडेमोडीनं उभं करणारा डबा. हेडफोन लावायचा, कुणाला त्रास नाही, आणि यूएसबीची केबल लॅपटॉपला जोडली की तोच आवाज थेट रेकॉर्ड होतो.

हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा, माझं सगळं त्यातच अडकलं.

घेण्याआधी मी दोन महिने चौकशी केली होती. झूम कंपनीचा जी१ फोर हा मॉडेलर स्वस्तात बसत होता, हेडफोनवर छान वाजतो. पण त्याला यूएसबीचं तोंड असलं तरी ते आवाजाची मांडणी बदलायला आणि अपडेट करायला आहे, त्यातून गिटार रेकॉर्ड होत नाही. खूप जण इथं चुकतात. बॉसचा जीटी-१ यूएसबीनं रेकॉर्ड करतो आणि चार पेन्सिल सेलवरही चालतो, आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट जाते तेव्हा ते कामाचं. तिसरा रस्ता म्हणजे साधा ऑडिओ इंटरफेस (गिटारची वायर लॅपटॉपला जोडून देणारी लहान पेटी) घ्यायचा आणि न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे फुकटचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चालवायचं. आवाज फार सुंदर येतो, पण माझा लॅपटॉप जुना. तार छेडली की आवाज मागून यायचा, तो उशीर कमी करायला गेलं की तडतडायचा. आज मला कुणी विचारलं तर नवशिक्याला मी जीटी-१ सांगेन आणि चांगला लॅपटॉप असणाऱ्याला इंटरफेस. पण माझं मन लाइन ६ कंपनीच्या एचएक्स स्टॉम्प या मॉडेलरवर बसलं होतं. २०१८ साली आलेला, तळहाताएवढ्या डब्यात त्याच कंपनीच्या मोठ्या हेलिक्स मॉडेलरमधले अ‍ॅम्प. नवा परवडणारा नव्हता. भिशीचा नंबर लागला तेव्हा बायकोच म्हणाली, घे एकदाचा, दोन वर्षं नुसतं बघतोस.

जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर पुण्याची जाहिरात दिसली. ३२ हजार, "वर्षभर वापरलेला, घरगुती वापर, लेटेस्ट अपडेट". सहा फोटो. माणूस बोलायला गोड, प्रत्येक वाक्याला दादा. मी म्हटलं, मला रेकॉर्डिंगसाठी हवाय, यूएसबी व्यवस्थित आहे ना? तो म्हणाला, दादा मी तर रोज यावरच रेकॉर्ड करतो, आणि लगेच तीन क्लिप पाठवल्या. त्या ऐकून मी हरखलो, खोटं कशाला बोलू. मग व्हिडिओ कॉल केला. टेबलावर स्टॉम्प चालू, मागे केबल लावलेली, शेजारी लॅपटॉप. तो वाजवतोय तशी पडद्यावर आवाजाची रेघ उमटतेय. आणखी काय बघायचं? माझ्या भाच्यानं तो कॉल मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवला, तेवढंच एक शहाणपणाचं काम झालं.

माझा आतेभाऊ हडपसरला राहतो. तो म्हणाला, रविवारी जाऊन बघून येतो. समोरच्याला सांगितल्यावर त्याचा सूर बदलला. आई दवाखान्यात आहे, पैशाची आजच गरज आहे, नाशिकचा गिऱ्हाईक तयार बसलाय. मी घाबरलो की वस्तू जाईल. १० हजार आधी आणि पार्सल ट्रॅव्हल्सवाल्याकडे दिल्याचा फोटो आला की २२ हजार, असं ठरलं. पैसे पाठवताना स्क्रीनवर जाहिरातीतल्यापेक्षा वेगळंच नाव आलं. विचारलं तर म्हणाला, भावाचं खातं आहे. मी पिन टाकला. बोट तिथंच थांबायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आकाशवाणी चौकात पार्सल उतरवून घेतलं. घरी येऊन उघडलं, स्टॉम्प खरा, पण अडॅप्टर नाही. फोन केला. "दादा, गडबडीत राहिला, उद्या कुरिअर करतो. तोवर घरातला कुठलाही ९ व्होल्टचा लावा, वायफायच्या डब्याचा असतो ना, चालतो."

इथं मला माझ्या थोड्याफार माहितीनं वाचवलं. अडॅप्टरवर एक छोटं चित्र असतं, मधे ठिपका, त्याभोवती अर्धगोल, दोन्ही बाजूंना अधिक-उणे. गिटारच्या पेडलना बहुतेक करून मधे उणे लागतो, स्टॉम्पलाही तसंच, ९ व्होल्ट ३ अँपिअर. आमच्या वायफायच्या अडॅप्टरला मधे अधिक होता. तो खोचला असता आणि काही जळलं असतं, तर "दादा, तुम्हीच उलटा अडॅप्टर लावला" म्हणायला तो मोकळा. मी लावला नाही. त्याचं कुरिअर काही आलं नाही, शेवटी मुंबईहून योग्य अडॅप्टर मागवला. त्यात पाच दिवस गेले. डबा बंद असल्यामुळे त्या पाच दिवसांत मला तपासताच येईना, आणि त्याला तेवढेच दिवस हवे होते. आता मागे वळून बघताना मला तो अडॅप्टर चुकून राहिला असं वाटत नाही.

सहाव्या दिवशी चालू केला. हेडफोनवर आवाज उत्तम! रात्री एक वाजेपर्यंत वाजवत बसलो. मग रेकॉर्डिंगसाठी केबल लावायला गेलो तर ती आत बसल्यासारखी बसली, पण सैल. लॅपटॉप काही ओळखेना. केबल बदलली, बायकोच्या ऑफिसचा लॅपटॉप आणला, तेच. शेवटी मोबाइलचा टॉर्च लावून आत पाहिलं. प्रिंटरला असतं तसंच ते चौकोनी तोंड. त्यात मधोमध प्लास्टिकची एक जीभ असते, तिच्यावर चार पितळी पट्ट्या. जीभच नव्हती. मुळाशी तुटलेला तुकडा आणि तोंडाच्या कडेनं वाळलेला काळपट गोंद.

मग ते सहा फोटो पुन्हा उघडले. मागची बाजू दिसते त्या प्रत्येक फोटोत केबल लावलेली होती. एकही फोटो उघड्या तोंडाचा नाही.

भाच्याचं रेकॉर्डिंग थांबवत थांबवत बघितलं. स्टॉम्पची केबल टेबलाच्या कडेवरून खाली जाते, तिचं दुसरं टोक कुठंच दिसत नाही. लॅपटॉपच्या मागे एक लहानशी पेटी आहे, तिच्यावर लाल दिवा, आणि स्टॉम्पमधून निघालेली जाड जॅकची वायर तिच्यात गेलेली. म्हणजे रेकॉर्डिंग वेगळ्या इंटरफेसवर चाललं होतं. स्टॉम्पचा आवाज खरा होता, मी विचारलं होतं तेवढंच खोटं होतं.

अपडेटचंही तसंच. स्टॉम्पच्या पडद्यावर आतल्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा आकडा बघता येतो, माझ्यावर तो २ नं सुरू होणारा निघाला. २०२० साली ३.० आली आणि तिच्यात स्टॉम्पवर एका वेळी लावता येणारे ब्लॉक (एकेक अँप किंवा इफेक्ट म्हणजे एक ब्लॉक) ६ वरून ८ झाले. माझ्यावर सहाच लागतात. अपडेट यूएसबीनंच होतं, तेव्हा हे तोंड "वर्षभराच्या घरगुती वापरात" नाही, त्याच्या कितीतरी आधीच गेलेलं असणार. व्हिडिओ कॉलवर मी एवढंच म्हटलं असतं की आवृत्तीचा आकडा दाखवा आणि केबल काढून मागचं तोंड कॅमेऱ्यासमोर धरा, तरी तिथंच उलगडा झाला असता. हे काम दोन मिनिटांचं आहे, आणि खरा विकणारा ते आनंदानं करतो. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये ऑडिओसाठी कोणतं यंत्र निवडलंय, तेही दाखवायला सांगा, तिथं स्टॉम्पचंच नाव दिसायला हवं.

फोन लावला तर बंद. जाहिरात गायब. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवलं, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार भरली, चॅट, व्यवहाराचा क्रमांक, कॉलचं रेकॉर्डिंग सगळं जोडलं, पोलीस ठाण्यातही अर्ज दिला. खरं सांगायचं तर मला उशीर झाला होता. १९३० वर जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त. मी पाच दिवस अडॅप्टरची वाट बघत बसलो.

फुले मार्केटमधल्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्यानं डबा उघडून भिंगाखाली धरला. म्हणाला, "भाऊ, तोंड बदललं असतं, पण बोर्डावरचा पट्टाच उपटलाय, कुणीतरी आधी हात मारलेला आहे." पैसे घेतले नाहीत त्यानं. धुळ्याचा मित्र फोनवर एवढंच बोलला, "पहिले वस्तू देखी ले, मंग पैसा दे, इतलंच व्हतं भो." मग स्वतःचा जुना इंटरफेस एसटीनं पाठवून दिला. आता त्याच्यातून रेकॉर्ड करतो. काम चालतं, पण ३२ हजारांत मी नवा जीटी-१ घेऊनही पैसे उरवले असते, हे दर रात्री वायर जोडताना आठवतं.

परवा भाच्यानं फोन आणून दाखवला. तेच सहा फोटो, नवीन नाव, गाव नाशिक, किंमत २९ हजार. डाव्या कोपऱ्यावरचा पांढरा ओरखडा तोच, मागची केबल तीच. अ‍ॅपवर तक्रार केली आहे, पोलिसांनाही नवीन नंबर दिला आहे. नाशिक, धुळे, मालेगावकडच्या कुणाला ही जाहिरात दिसली तर एक रुपयाही पाठवू नका. त्याच्याकडे आता पाठवायला तुटका डबासुद्धा नाही. तो ओरखड्याचा स्टॉम्प इथं जळगावला माझ्या टेबलावर आहे.