गणिताचा पेपर मानकांच्या काट्यावर: वेब पद्धत वापरायला कशी आहे?

नावावरून घोटाळा होतो, म्हणून आधीच सांगितलेलं बरं: इथला ‘वेब’ इंटरनेटचा नव्हे. विस्कॉन्सिन विद्यापीठातले संशोधक नॉर्मन वेब यांनी १९९७ साली गणित-विज्ञानाच्या चाचण्या मानकांशी, म्हणजे विद्यार्थ्याला काय यायला हवं याच्या ठरवून दिलेल्या अपेक्षांशी, कितपत जुळतात हे तपासण्याचे निकष मांडले, त्यांची ही पद्धत. अमेरिकेतल्या राज्यांनी ती आपापल्या परीक्षांना लावली, पण माध्यमिक शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांनाही ती आपल्या सत्र परीक्षेला लावता येते. साध्या स्प्रेडशीटवर काम भागतं. खर्च होतो तो माणसांच्या वेळेचा.

‘आम्ही संविधान तक्ता (कोणत्या प्रकारच्या प्रश्नांना किती गुण याचा आराखडा) करतोच की, मग हे आणखी कशाला?’ हा पहिला प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. फरक असा की तक्त्यात ‘उपयोजन’ या रकान्यात गुण भरणारा आणि तो प्रश्न काढणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो. इथे पेपर तयार झाल्यावर किमान पाच जण, प्रत्येक जण स्वतंत्रपणे, एकेक प्रश्न तपासतात. त्याआधी सगळे मिळून मानकातल्या प्रत्येक उद्दिष्टाची खोली ठरवतात: १ म्हणजे आठवणं किंवा ठरलेली रीत चालवणं, २ म्हणजे संकल्पना वापरून निर्णय घेणं, ३ म्हणजे युक्तिवाद आणि समर्थन, ४ म्हणजे बराच काळ चालणारा शोध. मग प्रत्येक प्रश्नाला खोलीचा आकडा, एक मुख्य उद्दिष्ट आणि गरज पडल्यास आणखी दोन उद्दिष्टं जोडायची.

यातून चार निकाल निघतात. प्रत्येक मानकाला किमान ६ प्रश्न आहेत का? निदान निम्मे प्रश्न आपल्या उद्दिष्टाइतके किंवा त्याहून खोल आहेत का? निदान निम्म्या उद्दिष्टांवर एक तरी प्रश्न आहे का? आणि प्रश्नांची वाटणी समतोल आहे का? या चौथ्याचा निर्देशांक ०.७० किंवा जास्त हवा.

समजा ‘रेषीय संबंध’ या मानकाखाली ६ उद्दिष्टं आहेत आणि पेपरात त्यावर १२ प्रश्न. त्यातले ७ एकाच उद्दिष्टावर, पुढच्या दोन उद्दिष्टांवर २-२, चौथ्यावर १, उरलेली दोन कोरडीच. बारा प्रश्न, म्हणजे पहिला निकष पार. सहापैकी चार उद्दिष्टांना स्पर्श, म्हणजे तिसराही पार. खोलीला पुरणारे प्रश्न मात्र ५ निघाले, म्हणजे ४२ टक्के. दुसरा निकष हुकला. समतोलासाठी चारही उद्दिष्टांना समान वाटा, म्हणजे ३/१२, मिळायला हवा होता. प्रत्यक्षातला फरक ४/१२, १/१२, १/१२ आणि २/१२. बेरीज ८/१२, तिची निम्मी ४/१२, आणि ती १ मधून वजा केली की ०.६७. थोडक्यात हुकलं. वरवर पाहिलं तर या पेपरात ‘रेषीय संबंध’ भरपूर होते. पद्धतीची किंमत इथेच कळते.

पण याच सूत्रात एक भोक आहे आणि ते माहीत नसेल तर फसगत होते. समतोल मोजताना फक्त स्पर्श झालेली उद्दिष्टं धरली जातात. बाराच्या बारा प्रश्न एकाच उद्दिष्टावर काढले तर निर्देशांक चक्क १.०० येतो! म्हणून चौथा आकडा तिसऱ्याशिवाय कधीही वाचू नये. सहा प्रश्नांच्या अटीचंही तसंच: त्याहून कमी प्रश्नांवरून विद्यार्थ्याला ते मानक जमतं की नाही याचा भरवशाचा अंदाज बांधता येत नाही, हा त्यामागचा विचार. ती अट वीस मिनिटांच्या घटक चाचणीला लावून नापास ठरवण्यात अर्थ नाही. सत्रभरातल्या चाचण्या एकत्र धरा.

सगळ्यात जास्त चुका खोलीचा आकडा देताना होतात. खोली म्हणजे काठिण्य नव्हे. लांबलचक बहुपदी भागाकार पोरांना घाम फोडतो, तरी तो पातळी १ वरच राहतो, कारण रीत ठरलेली आहे. क्रियापदावरूनही फसायला होतं. ‘स्पष्ट करा’ लिहिलं की पातळी ३, असा शॉर्टकट घेतला जातो; अपेक्षित उत्तर वर्गात लिहून दिलेलं वाक्य असेल तर ते पाठांतरच. ‘या रेषेचा चढ सांगा’ ही पातळी १. ‘तक्त्यावरून चढ काढा आणि समीकरण तयार करा’ ही २. ‘दोन भाडेदरांपैकी कोणता स्वस्त ते ठरवा, आणि किती अंतरानंतर तुमचा निष्कर्ष उलटेल ते कारणासह सांगा’ ही ३, अर्थात नेमकं हेच उदाहरण आधी सोडवून घेतलं नसेल तर. पातळी ४ वेळेच्या पेपरात जवळजवळ बसतच नाही; ती प्रकल्पासाठी ठेवावी. आणखी एक: शाब्दिक उदाहरण गणितामुळे नव्हे तर वाक्यरचनेमुळे चुकत असेल, तर परीक्षकांनी तशी वेगळी नोंद करायची असते. ही नोंद हमखास टाळली जाते.

आता या पद्धतीला न दिसणारी गोष्ट. ती पेपर मोजते, शिकवणं नाही. त्यासाठी शिक्षण-संशोधक अँड्र्यू पोर्टर यांच्या नावाने ओळखला जाणारा निर्देशांक सोबत घ्यावा. त्याचा एक तक्ता असतो. एका बाजूला उपघटक, दुसऱ्या बाजूला पाच प्रकारची बौद्धिक मागणी: पाठांतर, रीत चालवणं, समज दाखवणं, अनुमान-सिद्धता, अनोळखी उदाहरणं. शिक्षक प्रत्येक उपघटकाला किती तासिका दिल्या ते ० ते ३ मध्ये नोंदवतात: काहीच नाही, एका तासिकेहून कमी, एक ते पाच, पाचाहून जास्त. मग मानकांचा भर आणि वर्गातली वाटणी ताडून पाहायची. समजा प्रमाण या घटकात मानकांचा भर रीतीवर ०.४०, समजेवर ०.३५, अनोळखी उदाहरणांवर ०.२५ आहे, आणि वर्गातली वाटणी ०.७५, ०.२० आणि ०.०५ झाली. फरकांची बेरीज ०.७०, निम्मी ०.३५, जुळणी ०.६५. वार्षिक नियोजनात मात्र ‘घटक पूर्ण’ अशी नोंद, आणि तीही खोटी नाही! हा आकडा शेकडा गुणांसारखा वाचू नका. तक्त्याचे चौकोन जितके बारीक, तितका तो खाली येतो. शिवाय वर्षाअखेरीस आठवून भरलेली माहिती विश्वासाची नसते. दर घटकानंतर टाचणाच्या वहीवरूनच भरावी.

२०१० साली आलेल्या कॉमन कोअर या अमेरिकेतल्या सामाईक मानकांवर ही साधनं चालवताना दोन ठिकाणी अडतं. हायस्कूलची मानकं तिथे इयत्तेनुसार नाहीत. बीजगणित, फलनं, भूमिती अशा गटांत आहेत, त्यामुळे कोणतं मानक कोणत्या कोर्समध्ये हे आधी ठरवावं लागतं. ते न ठरवता जुळणी केली की एक मानक दोन कोर्समध्ये दोनदा मोजलं जातं आणि दुसरं दोघांच्या मधून निसटतं. आणि गणिती विचाराच्या ज्या आठ सवयी त्यात दिल्या आहेत, त्या एकेका प्रश्नाला चिकटवता येत नाहीत. तिथे ही आकडेमोड तोकडी पडते.

अपूर्णांक कच्चे ठेवून नववीत आलेल्या मुलालाही या पद्धतीतून थेट काही मिळत नाही. त्यासाठी खालच्या इयत्तेची मानकं त्याच तक्त्यात आणून, नव्या घटकाला लागणारं पूर्वज्ञान कुठे तपासलं जातं ते पाहावं लागेल.

पाच परीक्षक जमत नसतील तर पूर्ण पद्धतीच्या भानगडीत पडू नका. दोघांनी मागच्या वर्षीच्या एका पेपराला फक्त खोलीचे आकडे द्यावेत, आणि जिथे आकडे जुळत नाहीत त्या प्रश्नांवर बसून बोलावं.