करवती जिन: काम चोख, पण कापूस कोरडाच हवा

एली व्हिटनी या अमेरिकन संशोधकाच्या १७९४ च्या पेटंटवरून सुधारत आलेलं, कापसातून सरकी (बी) वेगळी करणारं हे यंत्र. करवतीचे दाते पट्ट्यांच्या फटीतून रुई ओढतात, सरकी पट्ट्यांच्या अलीकडच्या बाजूलाच अडते, मागचा फिरता ब्रश दाते झाडून घेतो. आखूड धाग्याच्या कापसाला याला तोड नाही. दमट कापूस घातलात तर गोळे होऊन फटी तुंबतात. वेग वाढवला की धागा तुटतो. अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या किनाऱ्यावर पिकायच्या त्या लांब धाग्याला साधा रेचाच (दोन रुळांतून रुई ओढून सरकी काढणारं जुनं यंत्र) बरा होता.

खरा दोष यंत्राबाहेर होता. सरकी झटपट निघू लागली, वेचणी मात्र तेव्हा हातानेच व्हायची. म्हणून वेचायला जास्त हात लागले आणि अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरी फोफावली, १८६० मध्ये सुमारे ४० लाख माणसं गुलाम होती. गाठी जायच्या अमेरिकेच्या उत्तरेतल्या लॉवेलच्या आणि इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या गिरण्यांना, आणि दक्षिणेला बरंचसं कापड उत्तरेकडून विकत आणावं लागायचं.