कॉन्ट्रा नृत्याचं संगीत: स्टुडिओतलं की हॉलमधलं?

अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या कॉन्ट्रा नृत्याची (समोरासमोरच्या रांगांत जोड्यांनी नाचायचं लोकनृत्य) धून बहुधा 32 बारची (बार म्हणजे तालाचं एक माप), म्हणजे 64 पावलांची. एक आवर्तन जेमतेम अर्ध्या मिनिटाचं.

स्टुडिओतल्या अल्बमवर ती तीन-चारदा वाजते नि संपते. आवाज स्वच्छ; पियानोचा डावा हात सुटा ऐकू येतो. न्यू हॅम्पशायरचे पियानोवादक बॉब मॅक्विलन (हजारावर धुना रचल्या, 2002 साली लोककलांसाठीची अमेरिकेची राष्ट्रीय वारसा फेलोशिप) यांचं ‘बूम-चक’, म्हणजे खाली बास, वर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), शिकायचं तर हेच बरं. शिवाय कव्हरवर धुनेचं नाव असतं.

हॉलमधलं ध्वनिमुद्रण खरखरीत. कॉलरच्या, म्हणजे पुढची चाल ओरडून सांगणाऱ्याच्या, हाका, लाकडी फरशीवरची धपधप. पण तीच धून पंधरा-वीस वेळा! काही आवर्तनांनी नाचणाऱ्यांना सगळं पाठ होतं, कॉलर गप्प होतो आणि वादक मोकळे सुटतात. पियानो मध्येच थांबतो, फिडल (व्हायोलिन) एकटं उरतं. पियानो परतला की हॉलभर आरोळी. अल्बममध्ये ही जागा शोधून सापडत नाही.

नावं मात्र इथे बहुतेकदा नसतातच. तरी मी आधी हॉलमधलंच ऐकतो. धून डोक्यात बसली की नावासाठी अल्बम धुंडाळतो.