दोहा ते सातारा : मध्यरात्रीचं विमान आणि पुढची बस, काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यापासून दोह्याला प्रोजेक्टवर आहे आणि सुट्टी मिळेल तसं घरी येणं-जाणं चालू असतं. उतरायचं मुंबईला, टी-टू वर (विमानतळाचं टर्मिनल दोन), आणि मग तिथनं पुढं साताऱ्याला. गावाकडचे, कंपनीतले, सगळे एकच विचारतात, "पुढं कसा येतोस रे?" म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. घरनं गाडी मागवायची किंवा टॅक्सी करायची हे सगळ्यात सोपं हे मलाही कळतं, पण मुंबई-सातारा अडीचशे किलोमीटर, गाडीवाला जाऊन-येऊन भाडं धरतो, वर टोल, वर त्याच्या चहा-नाष्ट्याचं. वर्षातनं एकदा येणाऱ्यानं खुशाल करावं. माझ्यासारखा जो सारखा ये-जा करतो त्याला बसच परवडते, त्यामुळं हा सगळा बसचाच अनुभव आहे.

पहिली गोष्ट, विमान उतरायची वेळ म्हणजे तुमची बाहेर पडायची वेळ नव्हे. चाकं टेकल्यावर विमान गेटला लागायलाच बराच वेळ खातं, मग त्या लांबलचक गालिच्यावरनं चालत इमिग्रेशन, मग बेल्ट. चेक-इन बॅग असेल तर मी उतरल्यापासून दीड तास धरतो, आणि मध्यरात्रीनंतर आखाती विमानं एकापाठोपाठ एक उतरतात तेव्हा तेवढ्यातही भागत नाही. सरकारनं ते फास्ट ट्रॅक इमिग्रेशन काढलंय ना, ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम, मुंबईला जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालं, भारतीय पासपोर्टवाल्यांना आणि ओसीआय कार्डवाल्यांना (परदेशी नागरिकत्व घेतलेले आपले लोक) चालतं, ते जरूर करून घ्या. ऑनलाइन फॉर्म भरायचा, बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचा, मग ई-गेटनं भर्रकन बाहेर. फक्त एवढंच की इमिग्रेशन लवकर झालं म्हणून बॅग काय लवकर येत नाही, मग बेल्टपाशी उभं राहायचं. फक्त केबिन बॅग असेल तेव्हा मात्र त्याचा खरा फायदा होतो.

आता बसचं. आपल्याकडच्या म्हणजे कराड-कोल्हापूर-सांगलीच्या प्रायव्हेट स्लीपर बोरिवलीतनं संध्याकाळपासून रात्री साधारण अकरापर्यंत सुटतात, मग अंधेरी, सायन, चेंबूरचं मैत्री पार्क, वाशी, कळंबोली असं करत माणसं गोळा करत एक्सप्रेसवेला लागतात. म्हणजे शेवटची बस कळंबोलीतनं गेली की पहाटेपर्यंत मोठी पोकळी. आणि आखातातली बरीचशी विमानं नेमकी त्या पोकळीतच उतरतात! दोह्याहून रात्री आठला निघालात की साडेतीन तासांचा प्रवास, वर घड्याळाचा अडीच तासांचा फरक, इथं उतरता दोन वाजता. तुम्ही बाहेर पडेपर्यंत सांगलीची बस साताऱ्याअलीकडचा खंबाटकी घाट चढत असते.

त्यामुळं माझा हिशेब आता ठरलेला आहे. विमान संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत उतरणारं असेल तरच थेट स्लीपरचं तिकीट काढायचं, आणि बसायची जागा चेंबूर नाहीतर सायन, बोरिवली अजिबात नको. बोरिवलीला जायचं म्हणजे उलट्या दिशेनं जाऊन परत त्याच रस्त्यानं यायचं. टी-टू वरनं चेंबूरला रात्रीच्या वेळी प्रीपेड टॅक्सीनं फार वेळ लागत नाही, पण संध्याकाळी सात-आठला तोच रस्ता अंगावर येतो. उतरायची वेळ आणि बस चेंबूरला यायची वेळ यात मी तीन तास ठेवतो, त्याच्यापेक्षा कमी असेल तर ते तिकीट काढतच नाही, कितीही स्वस्त दिसलं तरी. विमानाचं तिकीट वेगळं आणि बसचं वेगळं, विमान लेट झालं तर एअरलाइनवाला बसचे पैसे देत नाही आणि बसवाला तर मुळीच थांबत नाही.

तारखेचा एक घोळ सांगतो कारण यात भलेभले फसतात. बस समजा १४ तारखेला रात्री अकराला बोरिवलीतनं सुटते आणि चेंबूरला साडेबाराला येते. म्हणजे तुम्ही बसणार १५ तारखेला, पण ॲपवर ती बस दिसते १४ तारखेच्या यादीत. १५ टाकून शोधलंत तर पुढच्या रात्रीची बस दाखवतो आणि तुम्ही आनंदानं बुक करून मोकळे. त्यात परदेशातनं शोधताना फोनचं घड्याळ तिकडचं असतं, डोक्यात तिकडचीच तारीख असते. तिकीट काढल्यावर बोर्डिंग पॉइंटपुढची तारीख आणि वेळ नीट वाचायची, वरची मोठ्या अक्षरातली नाही, खालची बारीक अक्षरातली.

दुसरा ताप मोबाइलचा. बसचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन नंबर मेसेजनं येतो तो बस सुटायच्या थोडा वेळ आधी, आणि त्या वेळी तुम्ही अरबी समुद्रावर. भारतातलं सिम रोमिंगवर नसेल तर पेमेंटचा ओटीपी येत नाही, विमानतळावरच्या फुकट वायफायलासुद्धा ओटीपी मागतात. म्हणून मी तिकिटावर संपर्काचा नंबर धाकट्या भावाचा देतो. तो साताऱ्यात बसून ड्रायव्हरशी बोलतो, "दादा, पाहुणा विमानतळावरनं निघालाय, मैत्री पार्कला पाच मिनिटं थांबा" वगैरे, आणि मला व्हॉट्सॲपला बसचा नंबर पाठवतो. एकदा तर भावाच्या नुसत्या गोड बोलण्यामुळं बस मिळाली होती. पण ते दरवेळी होत नाय, ड्रायव्हर ड्रायव्हरवर आहे.

स्लीपरबद्दल खरी तक्रार मात्र उतरायची आहे, आणि ही तक्रार साताऱ्याच्याच माणसाला कळेल. माझ्याबरोबर दोह्यात सांगलीचा एकजण आहे, विश्रामबागचा. तो बसमध्ये चढला की चादर डोक्यावर घेतो ते थेट सांगली येईपर्यंत. पेठ नाका कधी आला, आष्टा कधी गेलं, त्याला पत्ता नसतो, शेवटचा स्टॉप असल्यामुळं झोपला तरी कोणीतरी हलवून उठवतंच. आपलं सातारा मधलं. पहाटे साडेतीन-चारला बॉम्बे रेस्टॉरंट चौकात हायवेवर उतरवतात, आणि तेही उठवलं तर. बऱ्याच बसला साताऱ्याचं तिकीटसुद्धा पुढच्या गावाएवढंच घेतात, म्हणजे पैसे सांगलीचे आणि झोप खंबाटकीजवळच्या खंडाळ्यापर्यंतची. मी साताऱ्याअलीकडच्या आनेवाडी टोलच्या अंदाजानं गजर लावतो आणि लोकेशन चालू ठेवतो.

आणि डिकी! थंडीत एकदा असाच उतरलो, क्लीनर पोरगा झोपेतनं उठून आला, डिकी उघडली तर आत पार्सलची खोकी रचलेली, कुणाचा तरी दुचाकीचा सुटा भाग गोणपाटात बांधलेला, आणि माझी बॅग पार आतल्या कोपऱ्यात. पोरगा अर्धा डिकीत शिरला, मी मोबाइलची बॅटरी धरलेली, वरनं ड्रायव्हर हॉर्न मारतोय. त्यानं ओढून काढली ती काळी बॅग माझीच वाटली, हँडलला बांधलेली लाल नाडी दिसली नाही म्हणून परत आत घातली, मग माझी निघाली. विमानातनं येणाऱ्या सगळ्यांच्या बॅगा त्याच काळ्या आणि त्याच मापाच्या असतात, आणि बस एकदा कराडकडं गेली की तुमची बॅग कोल्हापूर बघून येणार. नाडी, रिबन, काहीतरी भडक बांधाच. आणि चढतानाच क्लीनरला सांगायचं, सातारा आहे, बॅग पुढं ठेव.

आता मध्यरात्री उतरणाऱ्यांचा रस्ता, जो मी जास्त वापरतो आणि मला जास्त आवडतो. तिकीट आधी काढायचंच नाही. टी-टू वरनं पुण्याला शेअर टॅक्सी रात्रभर मिळते, ती पहाटे पुण्यात सोडते, तिथनं स्वारगेट, आणि स्वारगेटवरनं साताऱ्याची विनाथांबा एसटी. या एसटीला रिझर्वेशनची भानगड नाही, रांगेत उभं राहायचं, तिकीट घ्यायचं, भरली की सुटली, ही गेली तर मागनं दुसरी. विमान दोन तास लेट होऊ दे नाहीतर बॅग शेवटून पहिली येऊ दे, माझं काही बुडत नाही. थेट स्लीपरमध्ये आरामात झोपून जाण्याचं सुख एका बाजूला, आणि विमानात बसल्यापासून घड्याळाकडं बघत "बस चुकते का काय" हा जीवाला घोर दुसऱ्या बाजूला. मला घोर नको, मी स्वारगेटवर उभा राहीन. खेड शिवापूरचा टोल, मग खंबाटकी, घाटात एखादा कंटेनर आडवा झाला नसेल तर दोन-अडीच तासांत सातारा स्टँड. शिवाय स्टँडवर म्हणजे गावातच उतरतो, हायवेवर नाही, रिक्षा समोर उभ्या.

तोटे आहेत, लपवत नाही. शेअर टॅक्सीवाला सीट भरल्याशिवाय हलत नाही, "आत्ता निघतो सर" म्हणत एकदा पाऊण तास बसवून ठेवलं होतं मला, आणि पुण्यात पुन्हा चौघांना चार टोकांना सोडत फिरतो. म्हणून बसतानाच विचारायचं, स्वारगेटला सोडणार का आणि कितव्या नंबरला. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा घेऊन स्वारगेटला गाडी बदलायची म्हणजे कंबर धरते. एकटा माणूस, एक बॅग, तर झकास. बायकापोरं आणि सामान असेल तर हा रस्ता धरू नका.

दिवसा उतरणाऱ्यांना अजून एक सोय झालीय. मेट्रो तीनचं स्टेशन टी-टू लाच आहे, मे २०२५ पासून ती दादरला जाते. दादरहून पुण्याला शिवनेरी (एसटीची एसी बस), आणि मग वरच्यासारखंच स्वारगेट. आईला मी जानेवारीत दोह्याला नेलं होतं, परत येताना तिला याच रस्त्यानं आणलं, कारण एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत. वयाच्या सवलतीसाठी तेव्हा आधार कार्ड दाखवायला लागलं, ते मोठ्या बॅगेत तळाशी जाऊ देऊ नका. आईनं ते पासपोर्टच्याच पाकिटात ठेवलेलं, कंडक्टर यायच्या आधी हातात तयार! फक्त मेट्रोतनं वर आलं की दादर पूर्वेच्या एसटी स्टँडपर्यंत टॅक्सी करा, सामान ओढत तो पूल ओलांडण्यात काही शहाणपणा नाही.

रेल्वेचं लोक विचारतात. सकाळी सीएसएमटीहून कोयना एक्सप्रेस आहे, निवांत बसून जाता येतं, पण रात्री दोनला उतरून सकाळपर्यंत करायचं काय, आणि साताऱ्याचं स्टेशन पडलं माहुलीकडं, गावाबाहेर. सांगली-मिरजेच्या माणसाला रेल्वे चांगली, आपल्याला तेवढी नाही.

शुक्रवारची संध्याकाळ, गणपतीच्या आधीचे दोन दिवस आणि दिवाळी, यावेळी वरचे सगळे हिशेब विसरा. एक्सप्रेसवेवर खंडाळ्याचा घाटच तीन तास खातो, आणि खाजगी बसचं भाडं बघून विमानाचं तिकीट स्वस्त वाटतं. जमलं तर मंगळवार-बुधवारचं विमान घ्या. नवी मुंबईचं विमानतळ डिसेंबर २०२५ पासून चालू झालंय, आखाती विमानं तिकडं वाढली तर आपल्या लोकांची चांदी आहे, कळंबोली तिथनं जवळ आणि अख्खी मुंबई ओलांडायचं वाचेल.

परत जाताना मात्र मी स्लीपरच घेतो. साताऱ्यातनं रात्री बसायचं, पहाटे सायनला उतरायचं, विमान दुपारचं. तेव्हा बस दोन तास लेट झाली तरी हरकत नसते, आणि उठवायचं टेन्शन पण नाही, सायन आलं की सगळी बसच उठून बसलेली असते.