ऑटोमॅटिकची मॅन्युअल करून देतो म्हणणाऱ्यांपासून सांभाळा

इंदुरात कुणाची एएमटी (क्लचच्या पेडलशिवायची, स्वस्तातली ऑटोमॅटिक) गाडी बंद पडली आणि गॅरेजवाला म्हणाला "भिया, मैन्युअल करवा लो, झंझट ही खतम", तर गाडी तिथून टो करून उचला, पैसे द्यायच्या आधी. कळकळीनं सांगतोय कारण आमचे 42 हजार गेले ते गेलेच, पण घरातल्या माणसांच्या जिवाशी खेळ झाला त्याचा राग जास्त आहे.

आमची छोटी हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. पलासियाच्या ट्रॅफिकमध्ये एक दिवस गिअर पडेना, मीटरवर नुसता न्यूट्रलचा एन ब्लिंक होतोय. देवास नाक्याकडच्या एका गॅरेजनं उचलून नेली, स्कॅनर लावला, एक कागद छापून हातात दिला आणि सांगितलं की पूर्ण अ‍ॅक्च्युएटर गेला, नवा 60 हजाराच्या खाली येत नाही, त्यापेक्षा 42 मध्ये मॅन्युअल करून देतो, टोटल लॉस झालेल्या सेम गाडीचं सामान आहे आपल्याकडे.

आता हे पटतं का, तर त्यात अर्धं खरं असतं म्हणून. एएमटी म्हणजे खाली साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या पाया-हाताऐवजी अ‍ॅक्च्युएटर करतो आणि त्याला हुकूम देतो टीसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर. आमच्या गाडीत हे हायड्रॉलिक होतं, म्हणजे एक छोटा इलेक्ट्रिक पंप तेलाचा दाब तयार करतो, ड्रायव्हरचं दार उघडलं की कुंईं आवाज यायचा ना तो त्याचाच. सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे ऑटोमॅटिकचे दुसरे प्रकार, असता तर अख्खा गिअरबॉक्सच बदलावा लागतो, तिथे एवढ्या सहज कुणी पटवू शकत नाही. 2014 साली सेलेरिओपासून एएमटी आपल्याकडे स्वस्त गाड्यांत आली, तेव्हाच्या गाड्या आता जुन्या बाजारात फिरतायत, वॉरंटी कधीच संपलेली, म्हणून असल्या लोकांना गिऱ्हाईक मिळतं.

पण नीट करायचं तर काय काय लागतं ते ऐका. मॅन्युअलचा पूर्ण पेडल सेट, क्लच केबल, गिअर लिव्हर आणि त्याच्या केबली, गिअरबॉक्सवरचा शिफ्टिंगचा भाग, मॅन्युअलचा ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्याचं वायरिंग, आणि ईसीयू बदलला की चावीच्या इमोबिलायझरशी, म्हणजे चोरी रोखणाऱ्या लॉकशी, जुळवणी. यातलं अर्धंच आमच्या गाडीत पडलं. ईसीयू जुनाच ठेवला, टीसीयू काढला, वायरिंग मधूनच कापून स्टार्टरला डायरेक्ट वायर दिली. एएमटीत ब्रेक दाबून गाडी न्यूट्रलला असल्याशिवाय स्टार्ट होत नाही, आता कुठल्याही गिअरमध्ये चावी फिरवली की गाडी उडी मारते. बायकोनं घराच्या पार्किंगमध्ये चावी फिरवली आणि गाडी सरळ भिंतीवर, नशीब समोर शेजाऱ्यांचा पोरगा नव्हता. रिव्हर्सचा लाइट लागत नाही, चेक इंजिनचा दिवा आतून काळी टेप लावून झाकलेला. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे ब्रेकचं पेडल. ऑटोमॅटिकमध्ये ते रुंद असतं, क्लचला जागा हवी म्हणून यांनी ते ग्राइंडरनं कापलं आणि क्लचचा ब्रॅकेट वेल्डिंगनं चिकटवला. ब्रेकचं पेडल कापणाऱ्याला मिस्तरी म्हणायचं?

काही दिवसांत क्लच घसरायला लागला. छोटी ग्वालटोलीत ओळखीचे एक जुने मिस्तरी काका आहेत, त्यांनी गिअरबॉक्स उतरवला. बिलात "क्लच सेट नया" लिहिलेलं, आत प्लेट जुनीच, वरून नवीन लायनिंग मारलेली, रिव्हेट चमकत होते आणि प्रेशर प्लेटवर जळून निळे पडलेले डाग. मग मी त्यांना तो स्कॅनचा कागद दाखवला. त्यांनी शांतपणे वाचला आणि म्हणाले, "अरे बेटा, यात अ‍ॅक्च्युएटरचा फॉल्ट कुठाय, हा पंपाच्या रिलेचा आहे." रिले म्हणजे पंपाला करंट देणारा छोटा स्विच, काही शे रुपयांची गोष्ट. तोच गेला असेल तर पंप फिरत नाही, दाब येत नाही, गिअर पडत नाही, बस.

तेव्हा सगळा धंदा डोळ्यासमोर आला. पैसे कन्व्हर्जनमध्ये कमी आणि तुमच्या गाडीतून निघालेल्या मालात जास्त. चालू अ‍ॅक्च्युएटर, पंप, टीसीयू, हे सगळं "पुराना माल हम रखते हैं" म्हणून त्यांच्याकडे, आणि तेच पुढच्या एएमटीवाल्याला विकायचं. वायरिंग कापल्यामुळे आम्हाला परत ऑटोमॅटिक करणंही अवघड झालंय. मी जुने पार्ट मागायला गेलो तर म्हणे "कबाड़ में गया भिया".

कागदाचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि बेकायदा बदलाला 182अ खाली दर बदलामागे 5 हजार दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आमच्या आरसीवर आणि विम्यावर व्हेरिएंट ऑटोमॅटिकचंच लिहिलंय. गॅरेजवाला म्हणाला होता की आरटीओचं तो बघेल, नायता मुंडल्याच्या आरटीओत आजतागायत एक कागद गेलेला नाही. एक गिऱ्हाईक गाडी बघायला आलं, आरसी आणि गिअर लिव्हर दोन्ही बघून निघून गेलं.

बिल पण बघा, "जनरल रिपेअर 42,000", ना पार्ट नंबर ना जीएसटी नंबर. पैसे ज्या क्यूआरवर घेतले तो गॅरेजच्या नावाचा नाही, कुणा तिसऱ्याच माणसाचा.

मी 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकतोय. 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. माझ्याकडे स्कॅनचा कागद, यूपीआयची नोंद, कापलेल्या पेडलचे आणि त्या क्लच प्लेटचे फोटो आहेत, काका लेखी द्यायला तयार आहेत. त्या भागात आणखी कुणाची एएमटी अशी मॅन्युअल करून दिली असेल तर आधी गाडी गिअरमध्ये असताना स्टार्ट होते का ते मोकळ्या जागेत ब्रेक घट्ट दाबून बघा, होत असेल तर घरात दुसऱ्या कुणाला चावी देऊ नका, आणि बिल फेकू नका.